बाराजणी, अंदमान आणि भरती-ओहोटी: सात महिन्यांनंतरचा अनुभव

फेब्रुवारीत आम्ही भिशीतल्या बाराजणी सहा रात्रींसाठी अंदमानला जाऊन आलो. सोलापुरात परतलो त्याच आठवड्यात सहल ठरवून देणाऱ्यांनी अभिप्राय मागितला आणि मी लगेच पाचपैकी पाच देऊन टाकले. आता सप्टेंबर आहे. आज कुणी विचारलं तर अंदमानला पाच देईन, पण आम्हाला आखून दिलेल्या कार्यक्रमाला तीन. का, ते सविस्तर लिहिते. आपल्याकडून असे गट आता बरेच जातात आणि आपल्यापैकी बहुतेकांना समुद्राची सवय नसते.

आधी पैशांचं. भिशीशिवाय वेगळा डबा ठेवला होता, दर महिन्याला प्रत्येकीचे १,५००. अठ्ठावीस महिन्यांत माणशी ४२,००० जमले. त्यात हैदराबादहून जाण्यायेण्याचं विमान, राहणं, बोटी, फिरणं आणि दोन वेळचं जेवण बसलं. स्कूबा, खरेदी आणि चहापाणी ज्याचं त्याने. एका सुनेकडे हिशेबाची वही दिली होती आणि रोज रात्री ती सगळ्यांसमोर वाचायची. पैशावरून एकदाही वाद झाला नाही, याचं श्रेय त्या वहीला. खोल्यांच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवल्या, त्यामुळे तिथेही रुसवेफुगवे नाहीत.

रेल्वेऐवजी आम्ही टेम्पो ट्रॅव्हलर केली. रात्री नऊला निघालो, नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद करत पहाटे थेट शमशाबादच्या विमानतळावर उतरलो. रेल्वेने गेलं की हैदराबादेत स्टेशनवरून विमानतळापर्यंत सामान घेऊन पुन्हा लांबचा प्रवास करावा लागतो. बाराजणी असाल तर गाडीच बरी.

पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे, आणि त्याआधी २०१८ पासूनच हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप. बोलताना तिथलेही जुनी नावं वापरतात, म्हणून मीही तीच लिहिते.

पहिल्या दिवशी सेल्युलर जेल पाहिलं. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेलं, मूळच्या सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, टोकाला. आमच्यातल्या दोघींचे गुडघे दुखतात, तरी त्या कठड्याला धरून वर गेल्या. खाली फाशीघर आहे, एका वेळी तिघांना फाशी देण्याची सोय असलेलं. तिथे कुणी काही बोललं नाही. मग आमच्यातल्या सर्वांत मोठ्या काकूंनी हळू आवाजात आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावं घेतली: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. त्यांना फाशी येरवड्यात झाली, १२ जानेवारी १९३१ ला, अंदमानात नाही. पण चार हुतात्मा चौकातून रोज ये-जा करणाऱ्या बायकांना त्या खोलीत दुसरं काय आठवणार? जेलसाठी कार्यक्रमात एक तास होता. अर्धा दिवस ठेवा, आणि संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम सोडू नका.

हॅवलॉकला दोन रात्री. राधानगर किनाऱ्याबद्दल जे ऐकलं होतं ते खरं निघालं: पांढरी मऊ वाळू, मागे उंच झाडी आणि पाण्याचा रंग आत जाईल तसा बदलत जाणारा. पण तिथे सूर्य लवकर मावळतो. घड्याळ आपलंच आणि बेटं कितीतरी पूर्वेला, त्यामुळे फेब्रुवारीत सोलापुरात साडेसहाला होणारा सूर्यास्त तिथे साडेपाचच्या सुमारास होतो. आम्हाला किनाऱ्यावर आणलं सव्वापाचला. पंधरा मिनिटांत सगळं संपलं. साडेतीनला पोहोचायला हवं होतं. पाण्यात लाइफगार्डची शिट्टी ऐकायचीच, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत.

आता मुख्य तक्रार. नीलला आम्ही दुपारी पोहोचलो आणि तीन वाजता भरतपूर किनाऱ्यावर नेलं. पाणी नव्हतंच! लांबवर ओली वाळू, मेलेले पोवळ्याचे खडक आणि डबकी. "पाणी कुठं गेलं ओ?" असं आमची एक वहिनी खरोखर रडवेल्या आवाजात म्हणाली. काचेच्या तळाची बोट बंद, पोहणं अशक्य. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला नैसर्गिक पूल बघायला नेलं, तर तिथे नेमकं भरपूर पाणी. लक्ष्मणपूरच्या त्या खडकाच्या कमानीपर्यंत ओहोटीतच चालत जाता येतं. आम्ही लांबून बघून परत फिरलो. आमचा रिक्षावाला, तिथे वसलेल्या बंगाली कुटुंबातला मुलगा, शांतपणे म्हणाला की तुमचे दोन्ही कार्यक्रम उलटे लागलेत.

मग त्यानेच समजावून सांगितलं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. आम्ही गेलो तेव्हा पौर्णिमा होती. सकाळी पाणी वर, दुपारी खाली. म्हणजे भरतपूर सकाळी आणि पूल दुपारी, इतकं सोपं होतं. ज्यांचा रोजचा धंदा हा आहे त्यांनी ते बघितलं नाही, कारण प्रत्येक गटाला तोच छापील कागद देतात. मला राग याचा येतो. माझ्या ६७ वर्षांच्या काकूंनी त्या दोन तासांसाठी अठ्ठावीस महिने पैसे टाकले होते.

त्या दुपारी आमची परतीची बोट बिघाडामुळे रद्द झाली आणि नीलला एक रात्र वाढली. तेव्हा सगळ्या वैतागल्या, कारण रॉस बेट हुकलं. पण साडेतीनला तोच मुलगा आम्हाला पुलाकडे घेऊन गेला. पाणी उतरलं होतं. खडकांच्या खळग्यांत निळे मासे, काळी समुद्रकाकडी, दगडासारखा दिसणारा खेकडा. एकेकीला हात धरून तो दाखवत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी भरतपूरला गळ्याइतकं पाणी, आणि त्यात एका पोरीने आम्हा सातजणींना पाठीवर तरंगायला शिकवलं. डोकं मागे टाका, पोट वर, श्वास धरू नका. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावातून आलेल्या आम्ही, त्या पाण्यावर नुसत्या पडून होतो.

सात महिन्यांत काय टिकलं? स्कूबाचा व्हिडिओ पाचजणींनी काढून घेतला, पैसेही बरेच गेले. आता कुणी उघडत नाही. त्यातल्या एकीला जाताना सर्दी होती. खाली जाताना कानावरचा दाब सुटला नाही आणि कान जवळजवळ दोन महिने दुखत होता, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे चकरा झाल्या. नाक चोंदलं असेल तर डुबकी मारू नका, पैसे भरले असले तरी. दुसरी अनवाणी उतरली आणि पोवळ्याने पाय कापला. तिला मधुमेह आहे, जखम भरायला महिना लागला. चारशे-पाचशे रुपयांचे रबरी तळाचे पाण्यातले बूट घ्याच. माझे अजून धडधाकट आहेत, एप्रिलपासून मी ते तलावावर वापरते. हो, आम्ही चौघी महिलांच्या बॅचला पोहायला जायला लागलो. बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात सुरू केलं ते अजून सुटलेलं नाही.

खाण्याची काळजी करू नका. नीलवर भाजी भरपूर पिकते, शाकाहारी जेवण ताजं मिळतं. तरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या. बोट रद्द झाली त्या दिवशी धक्क्यावर दुपारचं जेवण म्हणून आम्ही तेच खाल्लं, आणि शेजारच्या कोलकात्याच्या कुटुंबालाही दिलं. आपले टॉवेल मात्र नेऊ नका. सोलापुरी टॉवेल दमट हवेत वाळत नाही, दोन दिवस वास येतो. पातळ पंचा न्या. बोटीत मळमळ होणाऱ्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी घ्यावी आणि मधल्या रांगेत बसावं. शंख-पोवळ्याचे तुकडे उचलून आणायचे नाहीत. आमच्या एकीने पिशवीत टाकलेले होते, ते तिने स्वतः परत समुद्रात सोडले.

पुन्हा जाणार असेन तर सहा रात्रींत दोनच बेटं करीन आणि परतीच्या विमानाआधी एक आख्खा दिवस रिकामा ठेवीन, कारण बोटीचं काही सांगता येत नाही. प्रत्येक किनाऱ्याची वेळ लेखी मागीन आणि त्या तारखांच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहीन. तक्ता मोबाइलवर फुकट मिळतो, बघायला दहा मिनिटं लागतात.

ऑगस्टपासून नवा डबा सुरू झालाय, या वेळी २,००० चा. लक्षद्वीपचं चाललंय, तिथे जायला आधी परवाना लागतो म्हणून कागदपत्रं आत्ताच गोळा करतोय. तारीख ठरवायला सगळ्या माझ्याकडे जमणार आहेत. काकूंनी निरोप पाठवलाय, पंचांग काढून ठेव.