जीबीएस झाल्यावर: आयव्हीआयजी की प्लाझ्मा एक्सचेंज?

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात रुग्ण एकदम वाढले आणि गुलियन-बारे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस, हे नाव पुण्यात घरोघरी पोचलं. बऱ्याचदा पोटाच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. आधी पायांना मुंग्या येतात, मग जिना चढवत नाही, आणि काही दिवसांत माणूस अंथरुणाला खिळतो. अशा वेळी आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांपुढे आयव्हीआयजी आणि प्लाझ्मा एक्सचेंज या दोन उपचारांची नावं येतात, आणि जे महाग तेच गुणकारी असणार असं समजून लोक दागिने मोडायला निघतात.

थोडं थांबा. १९९७ साली ३८३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दोन्ही उपचारांचा गुण सारखाच आला. आधी प्लाझ्मा एक्सचेंज आणि मग आयव्हीआयजी असं पाठोपाठ दिल्यानेही ठोस जास्तीचा फायदा झाला नाही. त्यामुळे माझ्या मते विचारायचं ते एवढंच: यातलं आज काय सुरू होऊ शकतं, आणि आपल्या रुग्णाला काय झेपेल?

आयव्हीआयजी म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून, म्हणजे रक्तातल्या द्रवातून, काढलेल्या अँटिबॉडीज. साध्या सलाइनसारखं शिरेतून, बहुधा पाच दिवस देतात. एकूण डोस किलोमागे २ ग्रॅम. रुग्ण ६० किलोचा असेल तर १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ व्हायल. वजन अंदाजाने लिहिलेलं नाही ना, हे नक्की विचारा. दहा किलोंची चूक म्हणजे चार व्हायल. खर्च सहज काही लाखांत जातो. डोकं दुखणं, ताप हे त्रास नेहमीचे. किडनी किंवा हृदय कमकुवत असेल, पूर्वी रक्ताची गाठ झाली असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. लहान मुलांसाठी मात्र बहुतेक वेळा हाच उपचार निवडतात, कारण प्लाझ्मा एक्सचेंजसाठी लागणारी मोठी नळी त्यांना घालणं अवघड असतं.

प्लाझ्मा एक्सचेंजसाठी मान किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत जाड नळी घालतात. मशीन रक्तातला पिवळसर प्लाझ्मा वेगळा काढतं, त्याबरोबर घातक अँटिबॉडीज जातात, आणि त्याऐवजी अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) किंवा दात्याचा प्लाझ्मा भरतात. साधारण दिवसाआड, चार-पाच वेळा. आपल्याकडे हे बहुतेक ठिकाणी स्वस्त पडतं, पण मशीन आणि सरावलेली माणसं हवीत. बीपी वर-खाली होणाऱ्या रुग्णाला हे जड जाऊ शकतं, नळीतून संसर्गाचीही भीती असते. मध्येच ओठांना मुंग्या आल्या तर नर्सला सांगा: कॅल्शियम कमी झालेलं असू शकतं.

सोय दोन्हींची असेल आणि पैशांची अडचण नसेल, तर मी आयव्हीआयजीकडे झुकेन. सुरू करणं सोपं आहे म्हणून. पण जवळच चांगलं प्लाझ्मा युनिट असेल तर कर्ज काढून आयव्हीआयजीचा हट्ट धरू नका. सरकारी योजनेत काय बसतं, हे दाखल होतानाच विचारून घ्या.

दोन्ही उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालेले बरे. नर्व्ह कंडक्शन (नसांमधून संदेश कसे जातात ते पाहणारी तपासणी) किंवा पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट पहिल्या आठवड्यात नॉर्मल येऊ शकतो, म्हणून रुग्णाला तपासून संशय पक्का असेल तर डॉक्टर रिपोर्टसाठी अडून राहत नाहीत. तोवर श्वासावर लक्ष हवं. रुग्णाला एका दमात आकडे मोजायला सांगतात. वीसच्या आत दम संपू लागला तर लगेच ड्युटी डॉक्टरांना बोलवा.

कुणी स्टिरॉइड सुचवलं तर का, ते विचारा. जीबीएसमध्ये त्याचा उपयोग होत नाही. पण आठ आठवड्यांनंतरही अशक्तपणा वाढतच असेल, तर तो सीआयडीपी हा दीर्घकाळ चालणारा आजार असू शकतो. तिथे स्टिरॉइड चालतं आणि सगळा हिशेबच बदलतो, म्हणून न्यूरोलॉजिस्टकडे पुन्हा जाणं टाळू नका.