आठ महिने गळ्यात दुर्बीण: ८×४२ चा वापरानंतरचा अनुभव

दुर्बीण घेतली म्हटल्यावर प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती लांबचं दिसतं? सुरुवातीला मी मनापासून उत्तर द्यायचे. हल्ली उलट विचारते, चंद्र दिसतो ना तुला? तो सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे आणि त्याला बघायला काही विकत घ्यावं लागत नाही. लांबचं डोळ्यांना दिसतंच, दिसत नाही ते बारीक. पण खरेदीला निघाले तेव्हा माझ्याही डोक्यात तोच प्रश्न होता आणि त्यापायी मी जवळजवळ चुकीची दुर्बीण घेतली होती.

दुर्बिणीवर दोन आकडे छापलेले असतात. माझ्या दुर्बिणीवर ८×४२ आहे. पहिला आकडा किती पट मोठं दिसणार त्याचा: ८० मीटरवरचा पक्षी १० मीटरवर बसल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पहिल्या आकड्याकडे सगळे बघतात. मीही तेवढाच बघितला होता आणि १०×५० वर बोट ठेवून बसले होते. दहा म्हणजे आठापेक्षा भारी, पन्नास म्हणजे बेचाळिसापेक्षा भारी, असा सरळ हिशोब.

वाचवलं मामेभावाने. त्याच्याकडे १०×५० होती, ती एका सुट्टीच्या सहलीला मागून नेली. तारेवर एक खंड्या बसला होता. दुर्बीण लावली तर खंड्या, तार, मागचं झाड, सगळं थरथरतंय. मी बाबांच्या हातात दिली. बाबा सत्तरी ओलांडलेले, दोन मिनिटं बघून म्हणाले, "अगं, याला ताप भरलाय का?" पक्षी दहापट मोठा होतो तशी हाताची थरथरही दहापट होते, ही साधी गोष्ट कुठल्याच खोक्यावर लिहिलेली नसते. शिवाय ते धूड जवळपास एक किलोचं. दहा मिनिटांनी हात भरून आले आणि खंड्याच्या चोचीत काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

म्हणून ८×४२. वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. दृश्याची रुंदी साडेसात अंश, म्हणजे एक किलोमीटरवरचा सुमारे १३० मीटरचा पट्टा एका नजरेत मावतो. भावाच्या दुर्बिणीत साडेसहा अंश होते. एका अंशाने काय फरक पडतो, असं वाटेल. उडत्या पक्ष्याच्या मागे दुर्बीण फिरवून बघा, लगेच कळतं.

पहिला नग मात्र सदोष निघाला. ऑनलाइन मागवली होती, विक्रेत्याचं नाव घेत नाही. दिसायला सगळं छान, पण दहा मिनिटं वापरली की कपाळाच्या मधोमध ठणका लागायचा. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. डोळे तपासून घेतले, नंबर होता तिथेच होता. मग एका संध्याकाळी समोरच्या आडव्या तारेवर फोकस केला आणि तारेवरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दूर नेली. एकाच्या दोन तारा झाल्या, एक वर, एक खाली. दोन्ही नळ्या एका दिशेला बघत नसल्या की असं होतं. जवळून बघताना मेंदू ती दोन चित्रं ओढूनताणून जुळवत राहतो आणि त्याची मजुरी डोकेदुखीतून वसूल करतो. विक्रेत्याचं उत्तर: "तुमची बघायची पद्धत चुकतेय." चार ईमेल आणि तारेचे फोटो पाठवल्यावर बदलून मिळाली. दुसरी आली तेव्हा खोकं उघडल्या उघडल्या आधी तार बघितली. नवी दुर्बीण घेणाऱ्या प्रत्येकाने परत करायची मुदत संपायच्या आत हे करावंच.

दुसरी एक तपासणी त्याहून सोपी. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा आणि आयपीसमध्ये, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगात बघा, डोळ्याला न लावता. प्रकाशाचा एक छोटा गोल ठिपका दिसतो. तो चहूबाजूंनी नीट गोल हवा. कडा कापल्यासारख्या, चौकोनी वाटल्या तर आतल्या प्रिझममध्ये, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या काचांमध्ये काटकसर झालेली असते. या ठिपक्याचा व्यास म्हणजे ४२ भागिले ८, सव्वापाच मिलिमीटर. दिवसा आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरचीच असते, तेव्हा हा ठिपका मोठा असल्याचा एक फायदा म्हणजे डोळा जरा इकडेतिकडे झाला तरी चित्र काळं पडत नाही. संध्याकाळी बाहुली मोठी होते, तेव्हा हाच ठिपका उजेड पुरवतो. खिशात मावणाऱ्या ८×२१ मध्ये तो अडीच मिलिमीटरच्या थोडा वर असतो. त्या दुर्बिणी दिवसा झकास, सूर्य मावळला की मुक्या.

मी चष्मा लावते, त्यामुळे आणखी एक आकडा मला बघावा लागला: डोळा आयपीसपासून किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं. चष्मेवाल्यांना हे अंतर निदान १५ मिलिमीटर लागतं. माझ्यात १७ आहे. आयपीसभोवतीचे रबरी कप खाली फिरवून ठेवते आणि चष्म्यासकट बघते. चष्मा काढा-घाला करावा लागला असता तर ही वस्तू दुसऱ्या महिन्यात माळ्यावर गेली असती.

पहिले तीन आठवडे खरं तर नामुष्कीचे होते. पक्षी दिसायचा, दुर्बीण लावायचे आणि समोर नुसती पानं. मग खाली बघून फोकस, वर बघून शोध, तोवर पक्षी पसार. युक्ती अशी की पक्ष्यावरची नजर अजिबात काढायची नाही. मान, डोळे जिथे आहेत तिथेच, फक्त हात वर येऊन दुर्बीण मधे घुसली पाहिजे. हे कळायला पाच मिनिटं लागतात, हाताला वळण लागायला तीन आठवडे. आता कधी दुर्बीण वर आली ते माझं मलाच कळत नाही. आठपट का दहापट यापेक्षा, दिसल्यापासून डोळ्याला लागेपर्यंत किती वेळ जातो यावर जास्त अवलंबून असतं, असं माझं पक्कं मत झालंय.

थरथर कमी करायचे उपाय फुकट आहेत. कोपरं बरगड्यांना टेकवायची. भिंत, झाड, गाडीचं दार, जे असेल त्याला पाठ लावायची. टोपी घातली असेल तर दुर्बिणीबरोबर टोपीचा पुढचा भागही बोटांनी धरायचा, डोकं आणि दुर्बीण एकजीव होतात. वेड्यासारखं दिसतं, पण फरक पडतो.

मला वाटलं होतं ही सहलीची वस्तू ठरेल. प्रत्यक्षात सर्वात जास्त वापर दोन मीटरवर होतो. माझी दुर्बीण तेवढ्या जवळचंही स्पष्ट दाखवते आणि दोन मीटरवरचं फुलपाखरू आठपट म्हणजे वीतभर अंतरावर आल्यासारखं. एकदा कुंडीतल्या काडीवर चतुर बसला होता. त्याच्या पंखाच्या टोकाजवळचा तो गडद चौकोनी ठिपका मला फोटोंमुळे माहीत होता. पण तो पुढच्या दोन पायांनी डोळे पुसतो, मांजरीसारखे, डोकं पार आडवं वळवून, हे कधी बघितलंच नव्हतं. जवळ गेले असते तर उडाला असता. मी खुर्चीतच होते, हातातला चहा गार झाला. आणि दुर्बीण उलटी धरून आयपीस एखाद्या पानाच्या अगदी जवळ नेलं तर तिचं चांगलं भिंग होतं, हे आणखी एक पोरकट सुख.

नाटकाला एकदा नेली होती. बाल्कनीतली जागा, म्हटलं पैसे वसूल. पहिल्या दहा मिनिटांत लक्षात आलं की आठपट जास्त होतं. एकाचा चेहरा भरून दिसतो तोवर वाक्य दुसरा बोलून मोकळा. रंगमंचासाठी तीन-चारपटीच्या छोट्या दुर्बिणी असतात त्या उगीच नाहीत. शेजारच्या काकू माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, ती ओळखायला कुठलीच दुर्बीण लागली नाही.

नजरेवरून आठवलं. घराच्या गच्चीतून दिवसा दुर्बीण लावायची तर कोणाच्या खिडकीच्या दिशेने नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. तुम्ही घार बघताय हे समोरच्याला कसं कळणार?

आता तक्रारी. उजव्या आयपीसवर डायॉप्टरची कडी असते. डावा डोळा मधल्या चाकाने जुळवायचा, उजवा या कडीने, एकदा जुळवलं की पुढे फक्त मधलं चाक. माझी कडी सैल आहे, पिशवीत घासून फिरते, मग एक डोळा स्पष्ट आणि एक धूसर. मी जुळलेल्या जागी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. पुढच्या भिंगांची दोन लोंबती झाकणं होती, त्यातलं एक दुसऱ्याच महिन्यात कुठल्यातरी पायवाटेवर राहिलं. पट्टा बारीक, मान कापतो. तो काढून खांद्यांवरून पाठीवर जाणारा हार्नेस लावला, तेव्हापासून वजन जाणवत नाही. उजळ आकाशासमोर काळा पक्षी बसला की त्याच्या कडेला जांभळी किनार दिसते, चंद्राच्या कडेलाही. महागड्या काचेत ती कमी असते. मला तिची सवय झाली.

पावसात दोनदा भिजली, आत काही झालं नाही. आत नायट्रोजन भरलेला असल्यामुळे आतून वाफ धरत नाही. बाहेरून धरते: एसीच्या खोलीतून दमट हवेत नेली की पाच मिनिटं नुसतं दूध दिसतं. थांबायचं, पुसायचं नाही. दमट हवेत खरी भीती बुरशीची, भिंगावर एकदा जाळं धरलं की ते काढणं कठीण. त्यामुळे सोबत आलेली कापडी पिशवी फक्त प्रवासात, घरी हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. पुसताना आधी फुंकणीने धूळ उडवायची, मग ब्रश, मग कापड. ओढणीच्या टोकाने कधीच नाही, कितीही मोह झाला तरी. आणि सूर्याकडे चुकूनही नाही, मावळतानाही नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो.

रात्रीच्या वापराचा मी घेताना विचारही केला नव्हता. कृत्तिका नुसत्या डोळ्यांनी सहा-सात दिसतात, दुर्बिणीतून डझनावारी. चंद्र पौर्णिमेला बघू नका, सपाट दिसतो. अष्टमीच्या आसपास बघा, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात. शनीची कडी मात्र आठपटीत दिसत नाही, नुसता लांबट ठिपका वाटतो. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

गुरूचं श्रेय बाबांचं. एका रात्री ते गच्चीच्या कठड्यावर कोपरं टेकून बराच वेळ गप्प बघत होते. मग म्हणाले, "बाजूला तीन टिंबं आहेत. एका रेषेत. काचेवर काही पडलंय का?"

"बाबा, ते त्याचे चंद्र आहेत."

"चार असतात ना? चौथा कुठे गेला?"

चौथा गुरूच्या पुढे किंवा मागे असणार, नाहीतर त्याच्या झगमगाटात बुडालेला. मी त्यांना सांगितलं की ७ जानेवारी १६१० ला गॅलिलिओलाही तीनच ठिपके दिसले होते, चारही दिसायला १३ तारीख उजाडावी लागली. बाबांना हे फार आवडलं. दुसऱ्या दिवशीपासून एका जुन्या डायरीत रोज एक गोल आणि त्याच्या आजूबाजूला ठिपके काढायला लागले. पाचव्या रात्री चार दिसले, तेव्हा मला झोपेतून उठवलं.

परवा मी दुर्बिणीच्या मधल्या बिजागरीवर, पुढच्या बाजूला, एक बारीक टोपण बघितलं. इतके महिने ते शोभेचं समजत होते. फिरवलं तर खाली आटे निघाले, ट्रायपॉडचा जोड लावण्यासाठी. जोड मागवला आहे, बाबांच्या हातांना त्याची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे.

तोवर एकच अडचण आहे. सकाळी मी दुर्बीण उचलते तेव्हा कडी नेमकी हललेली असते, कारण रात्री ती बाबांच्या डोळ्याला जुळवलेली असते. म्हणून आता लाल ठिपक्याच्या शेजारी एक गुलाबी ठिपकाही दिला आहे. लाल माझा, गुलाबी त्यांचा. रंग त्यांनीच निवडला.