नोकरी सांभाळून सेमिनरी : वाशीतल्या वर्गांचा वर्षभरानंतरचा अनुभव

देवाच्या सेवेचं पाचारण आहे, पण घर चालवायचं म्हणून नोकरी सोडता येत नाही, असे आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पुष्कळ जण आहेत. हे त्यांच्यासाठी. मी ठाण्यात राहतो, ऐरोलीत नोकरी करतो आणि गेल्या जूनपासून वाशीतल्या एका सेमिनरीत, म्हणजे पाळकीय सेवेचं शिक्षण देणाऱ्या संस्थेत, बी.टीएच. (ईश्वरविज्ञानाची पदवी) करतोय. आठवड्यात दोन संध्याकाळी आणि शनिवारी दिवसभर वर्ग. ट्रान्स-हार्बरच्या लोकलने कामावरून थेट वाशी गाठता येते, नाहीतर हे जमलंच नसतं.

सगळ्यात मोलाचा विषय नव्या कराराचा, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाचा अभ्यास. त्यातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांपैकी एक) शेवट आम्ही बरेच आठवडे अभ्यासला. सिनाइटिकस आणि व्हॅटिकॅनस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत मार्क १६ व्या अध्यायाच्या ८ व्या वचनाला संपतो. स्त्रिया घाबरून कबरेपासून पळतात, आणि तिथेच थांबतं. ९ ते २० ही वचनं त्यांत नाहीत. वर्गात काही जण अस्वस्थ झाले. सरांनी घाईने समजूत घातली नाही. चारही शुभवर्तमानांचे शेवट शेजारी ठेवून वाचायला लावले. मग ध्यानात आलं की ‘तो उठला आहे’ ही घोषणा मार्कमध्ये ६ व्या वचनातच आहे. आणि पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, ज्याच्या १५ व्या अध्यायात पुनरुत्थानाचे साक्षीदार मोजले आहेत, ते साधारण इ.स. ५५ चं, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्कच्याही आधीचं. आपल्या तरुण संघातली मुलं या हस्तलिखितांबद्दल मोबाईलवर ऐकतात आणि पाळकांना विचारतात. त्यांना गप्प न करता उत्तर देता यायला हवं, आणि ते इथे शिकायला मिळतं.

नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक, ती पहिल्या सत्रात जड जाते. पण विभक्ती आपण शाळेत घोकलेली असते, त्यामुळे नामाची रूपं बदलतात याचं मराठी माध्यमवाल्यांना नवल वाटत नाही. क्रियापदांना मात्र रोज वेळ द्यावाच लागतो.

प्रत्यक्ष सेवेचा भाग मला वाटलं होतं त्याहून कठीण निघाला. रविवारी मंडळीत काम, अधूनमधून रुग्णभेट. आजाऱ्याच्या खाटेशेजारी लांबलचक प्रार्थना करू नका, आधी ऐका, मग एखादं लहान स्तोत्र वाचा, असं मार्गदर्शक पाळकांनी सांगितलं. आता आजारी माणसं स्वतःहून बोलतात, आपली भीती सांगतात.

उणीव मोठी आहे ती मराठीची. शिकवणं इंग्रजीत, निबंध इंग्रजीत, आणि रविवारी उपदेश मराठीत. केरळच्या मंडळ्यांतले सोबती बरेच, त्यामुळे माध्यम इंग्रजी असणं समजू शकतं. पण मंडळीच्या इतिहासात १८१३ साली मुंबईत सुरू झालेलं अमेरिकन मराठी मिशन एका तासात उरकलं जातं, याचं वाईट वाटतं. ना. वा. टिळकांची गीतं आपण दर उपासनेत गातो. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं खर्चून मूळ हिब्रू-ग्रीकवरून पवित्र शास्त्र मराठीत आणलं. महाराष्ट्रात सेवा करणाऱ्याला यांच्यावर स्वतंत्र विषय हवा. आम्ही काही जणांनी तशी लेखी विनंती केली आहे. ग्रंथालयातही मराठी भाष्यग्रंथांचं कपाट जेमतेम अर्धं भरलेलं आहे.

प्रवेश घेण्याआधी मान्यता तपासा. सेरामपूरच्या सिनेटची आहे, एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची आहे, की कुठलीच नाही? (हे सेरामपूर बंगालमधलं, विल्यम केरी आणि सोबत्यांनी १८१८ मध्ये तिथे कॉलेज काढलं, आणि १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. आपल्या नगरकडच्या श्रीरामपूरशी गल्लत होते.) पाळक म्हणून दीक्षेसाठी आपली मंडळी कोणती पदवी ग्राह्य धरते, हे फी भरण्याआधी आपल्या पाळकांना विचारून घ्या. नुसतं प्रमाणपत्र हवं असेल तर इतकी मेहनत करू नका, लहान कोर्स पुष्कळ आहेत. उपदेशाची जबाबदारी खांद्यावर येणार असेल तर नक्की या, आणि घरच्यांशी आधी मोकळं बोला, कारण शनिवार त्यांचाही जातो.

अर्जासोबत बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाळकांचं शिफारसपत्र लागतं. मुलाखतीत पाचारणाबद्दल सविस्तर विचारतात. मी पुढची वर्षंही इथेच पुरी करणार आहे. येत्या सत्रात हिब्रू सुरू होतंय.