जेडमॅच: अनोळखी मृतांची नावं जिथे सापडतात ती साइट

डीएनए ताडून नातेवाईक शोधून देणारी जेडमॅच ही साइट दिसायला जुनाट आहे. पानभर तक्ते, आकड्यांचे रकाने, नवख्याला फारशी मदत नाही. तरीही अमेरिकेत वर्षानुवर्षं बेवारस राहिलेल्या, खून झालेल्या कितीतरी माणसांच्या नावापर्यंतची वाट याच साइटवरून गेली आहे. वंशावळीचं काम करणाऱ्यांसाठी मोफत मिळणारं इतकं उपयोगी साधन दुसरं नाही.

ही साइट स्वतः चाचणी करत नाही. अँसेस्ट्री, ट्वेंटीथ्री अँड मी, मायहेरिटेज अशा कुठल्याही कंपनीत डीएनए चाचणी झाली असेल, तर तिथल्या सेटिंग्जमधून रॉ डेटाची, म्हणजे चाचणीतल्या कच्च्या नोंदींची, झिप फाइल उतरवायची आणि इथे चढवायची. झिप उघडू नका. उघडून, एक्सेलमध्ये पाहून परत सेव्ह केलेली फाइल हमखास बिघडते. चढवलेल्या फाइलला इथे ‘किट’ म्हणतात. फाइल चढली की किट नंबर मिळतो आणि साधारण एखाद्या दिवसात नातेवाइकांची पूर्ण यादी तयार होते.

या सगळ्याची ताकद २०१८ मध्ये दिसली. ओहायोत ट्रॉय गावाजवळ २४ एप्रिल १९८१ रोजी रस्त्याकडेच्या चरात एका तरुणीचा मृतदेह सापडला होता. अंगात झालरीचं हरणाच्या कातड्याचं जाकीट, केसांच्या दोन वेण्या, पायात काही नाही. सदतीस वर्षं ती ‘बकस्किन गर्ल’ होती. तिच्या जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यातून काढलेला डेटा अनोळखी मृतांची ओळख पटवणाऱ्या डीएनए डो प्रोजेक्ट या संस्थेच्या स्वयंसेवकांनी जेडमॅचवर चढवला. आई किंवा वडिलांच्या चुलत-मामे भावंडाइतकं जवळचं नातं यादीत निघालं आणि सुमारे चार तासांत नाव हाती आलं: मार्शिया किंग, आर्कान्सातली, वय २१. इतकं जवळचं नातं मिळणं हे नशीब. एरवी याच कामाला महिने जातात, कधी वर्षं.

कारण यादीत बहुतेक वेळा दूरचीच माणसं असतात. दोघांमध्ये किती डीएनए सामायिक आहे ते सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात. सख्ख्या चुलत भावंडांत सरासरी ८६६, पण प्रत्यक्षात ३९६ पासून १३९७ पर्यंत काहीही. पणजोबा-पणजी एक असतील तर सरासरी २२९. खापरपणजोबांपाशी नातं जुळत असेल तर ७३, आणि कधी चक्क शून्य. चुलत, मामे, आते, मावस असे चार शब्द आपल्याकडे आहेत. यंत्राला मात्र एकच आकडा दिसतो. बाजू कुठली ते कागदपत्रांतूनच शोधायचं.

शोधायची रीत अशी. ९० आणि १२० सेंटिमॉर्गनचे दोन जण यादीत आहेत आणि ते एकमेकांशीही जुळतात, असं समजा. दोघांच्या वंशावळी मागे नेत त्यांचं सामायिक जोडपं गाठायचं. मग पहिल्या गटाशी न जुळणारा दुसरा गट घेऊन तेच. आता दोन्ही जोडप्यांचे वंशज खाली आणत यायचं, दोन घराण्यांत लग्न कुठे झालं ते दिसेपर्यंत. त्या लग्नाची मुलं एकेक करून तपासायची: कोणाच्या लग्नाची, मालमत्तेची, मृत्यूची नोंद आहे आणि कोण एका वर्षानंतर कुठेच दिसत नाही. इथे मृत्युलेख सोन्यासारखे. ‘पश्चात अमुक मुलं, सुना, नातवंडं असा परिवार आहे’ या ओळीत जे नाव यायला हवं होतं आणि आलं नाही, तिथे थांबायचं. शेवटचा शब्द मात्र पोलिसांचा: जवळच्या नातेवाइकाचा नमुना घेऊन जुळणी होईपर्यंत ते नाव केवळ अंदाज असतो आणि कुटुंबाला तो परस्पर कळवायचा नसतो.

साइटवरच्या साधनांत दोन किटची एकास-एक तुलना सर्वांत भरवशाची. किमान मर्यादा ७ सेंटिमॉर्गन असते, ती कमी करू नका. खाली गेलात की योगायोगाच्या जुळण्यांचा पूर येतो. चित्रात प्रत्येक गुणसूत्राची पट्टी दिसते: लाल म्हणजे जुळत नाही, पिवळा अर्धा जुळतो, हिरवा पूर्ण. लांबच लांब पिवळा पट्टा, मधेमधे हिरवे ठिपके, लाल अजिबात नाही आणि खाली सलग निळी रेघ दिसली, तर सेगमेंट, म्हणजे जुळणारा सलग तुकडा, खरा. जुन्या हाडांतून काढलेल्या किटमध्ये डीएनए तुटलेला आणि जिवाणूंच्या डीएनएत मिसळलेला असतो. वाचन अपुरं राहिलं की खऱ्या सेगमेंटचे तुकडे पडतात, नातं आहे त्यापेक्षा दूरचं वाटतं.

मराठी घरांनी इथे खास सावध राहावं. पिढ्यान्‌पिढ्या जातीत लग्नं, त्यात अनेक घरांत मामेबहीण-आतेभावाची. त्यामुळे दूरचा माणूस जवळचा दिसतो. ९० सेंटिमॉर्गन आठ-नऊ बारीक तुकड्यांत विखुरलेले असतील तर त्या आकड्यावर जाऊ नका, सर्वांत लांब सेगमेंट किती आहे ते बघा. आईवडील एकमेकांच्या नात्यातले आहेत का हे सांगणारं मोफत साधन आधी चालवावं. भारतीय किट मुळात थोडी असल्यामुळे यादी निराश करणारी येईल. म्हणूनच ती चढवावीत असं आमचं ठाम मत आहे. अमेरिकेत एखादा दक्षिण आशियाई अनोळखी मृतदेह सापडला, तर त्याच्या वाट्यालाही हीच रिकामी यादी येते. कागदाच्या बाजूने मात्र आपण श्रीमंत आहोत: कुलवृत्तांत, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, गोव्यातल्या चर्चची बाप्तिस्म्याची दप्तरं.

आता गोपनीयता, आणि इथे गुण कापावे लागतात. मे २०१९ मध्ये, युटामधल्या एका हल्ल्यातला संशयित पोलिसांनी या साइटवरून शोधल्यामुळे वाद झाल्यावर, साइटने सगळ्यांचीच पोलिसांना दिलेली परवानगी एका झटक्यात बंद केली. अनोळखी मृतांवर काम करणाऱ्यांची यादीही त्यात रिकामी झाली. त्याच वर्षाअखेर साइट व्हेरोजेन या गुन्हे-तपासासाठी डीएनए तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीकडे गेली. जुलै २०२० मध्ये तर उलटं घडलं: हल्लेखोरांनी सेटिंग्ज बदलल्या आणि सुमारे तीन तास सगळी किट पोलिसांच्या शोधाला खुली राहिली. ज्यांनी विचार करून नकार दिला होता त्यांच्यासाठी हे अक्षम्य आहे.

किट चढवताना चार पर्याय येतात. ‘खासगी’ किंवा ‘संशोधन’ निवडलंत तर तुमचं किट कोणाच्याच यादीत दिसत नाही, म्हणजे मृतांच्या ओळखीलाही उपयोग शून्य. सार्वजनिकमध्ये दोन प्रकार: गुन्हेगार शोधायला परवानगी देणारा आणि नाकारणारा. जानेवारी २०२१ पासून नाकारणाऱ्यांची किटही अनोळखी अवशेषांशी ताडली जातात. त्यामुळे पोलिसी तपासात पडायचं नाही, पण एखाद्या बेनाव मृताला नाव मिळावं असं वाटतं, त्यांना दुसरा प्रकार पुरतो. निर्णय तुमचा एकट्याचा नसतो, भावंडांचा आणि मुलांचा डीएनएही त्यात अर्धामुर्धा उघडा होतो. घरात आधी बोलून घ्या.

पैसे भरून मिळणारी जादा साधनं नवख्याला लागत नाहीत. एक गोष्ट मात्र लागते, ती म्हणजे चालू ईमेल. नोकरीच्या कंपनीचा पत्ता देऊ नका. नोकरी बदलली की तो बंद होतो, आणि ‘तुमच्या आजीचं माहेर कुठलं?’ एवढंच विचारणारं एखाद्या स्वयंसेवकाचं पत्र त्याच पत्त्यावर येतं, कधी किट चढवल्यानंतर पाच-सहा वर्षांनी.