मोबाइल टॉवरच्या नावाखाली माझ्या दादाचे पावणेदोन लाख गेले

दादाला विचारूनच हे लिहितोय. माझं आणि गावाचं नाव टाकू नकोस, बाकी सगळं लिही, असं त्यानेच सांगितलं. त्याचे पैसे गेले, पण निदान दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत, एवढीच त्याची आणि माझी इच्छा आहे.

सांगोला तालुक्यात आमची शेती आहे. २०२१-२२ च्या आसपास खोडकिडा आणि मर रोगाने तालुक्यातल्या डाळिंबाच्या बागाच्या बागा वाळल्या, त्यात आमचीही गेली. झाडं उपटून टाकल्यापासून रस्त्याकडेचा तुकडा पडूनच आहे. त्यात आमच्या वस्तीवर रेंज नाही. फोन आला की बांधावर जाऊन बोलावं लागतं. अशा माणसाच्या मोबाइलवर मेसेज येतो: आपल्या परिसरात ५जी टॉवरसाठी जागा हवी आहे, २० लाख रुपये अ‍ॅडव्हान्स, महिना ३५ हजार भाडं, १५ वर्षांचा करार, घरातल्या एकाला टॉवरवर पहारेकऱ्याची नोकरी. खाली एका मोठ्या मोबाइल कंपनीचं नाव. दादाला ते खरं वाटलं, आणि त्यात काही नवल नाही. शेजारच्या गावात दोन वर्षांपूर्वी टॉवर झालेला त्याने डोळ्यांनी पाहिला होता. लोभापायी फसला, असं जे म्हणतात त्यांनी पडीक रान आणि सोसायटीचं कर्ज एकदा शेजारी शेजारी ठेवून बघावं.

मेसेजमधल्या नंबरवर फोन केल्यावर आधी एक हिंदी बोलणारे ‘साहेब’ आणि नंतर चांगलं मराठी बोलणाऱ्या एक ‘मॅडम’ आल्या. पुढचं सगळं मॅडमनीच केलं. सातबारा, आठ अ, आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान आणि रद्द केलेला चेक, या सगळ्याचे फोटो त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवले. दोन दिवसांनी निरोप आला की उपग्रहावरून सर्व्हे झाला आणि तुमचा गट पास झाला. नोंदणीचे २,५५० रुपये भरा. हे पैसे परत मिळणारे आहेत, असंही सांगितलं.

रक्कम मुद्दामच लहान असते. एकदा अडीच हजार भरले की माणूस त्या कामात गुंततो. त्यानंतर करार आणि वकील यांचे १६,५०० झाले. मग ‘ट्रायची एनओसी, साकफा आणि रेडिएशन तपासणी’ म्हणून ३१,००० (ट्राय म्हणजे दूरसंचार क्षेत्राची नियामक संस्था, एनओसी म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र, साकफाचं पुढे सांगतो). मग विमा आणि सामानाच्या ट्रकचं भाडं म्हणून ४५,०००. शेवटी २० लाखांच्या अ‍ॅडव्हान्सवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख ६० हजार, त्यातले ८० हजार आधी. हे ८० हजार वहिनीच्या पाटल्या गहाण ठेवून भरले. उरलेल्या रकमेसाठी दादाने माझ्याकडे हातउसने मागितले, तेव्हा मी कागद बघायला मागितले आणि प्रकार उघडा पडला.

तोपर्यंत घरात वहिनीशिवाय कुणालाच काही माहीत नव्हतं. कारण मॅडमनी बजावून ठेवलं होतं की करार होईपर्यंत कुणाला सांगू नका, भावकी हरकत घेईल आणि टॉवर शेजारच्या गटात जाईल. गावाकडचा माणूस या एका वाक्याने गप्प बसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. प्रत्येक रकमेला मुदतही असायची: आज संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर फाइल रद्द. विचार करायला आणि कुणाला विचारायला वेळच मिळू नये, अशीच ती व्यवस्था होती.

त्या सगळ्या कागदांवर मी नंतर एकेक करून बसलो. माझ्या लक्षात आलेली गोष्ट इतरांना कळावी म्हणूनच हा सगळा खटाटोप. या लोकांनी काढलेली बहुतेक नावं खरी आहेत. ट्राय आहे, साकफा आहे, रेडिएशनची मर्यादा आहे, भाड्यावर जीएसटीही आहे. खोटं एवढंच की हे सगळं जागेच्या मालकाने करायचं असतं. तसं कुठल्याही नियमात नाही. टॉवरसाठी लागणारी प्रत्येक परवानगी, प्रत्येक दाखला आणि प्रत्येक शुल्क कंपनीचं असतं. मालकाकडून कंपनी जागा घेते आणि त्याला भाडं देते. पैसा कंपनीकडून मालकाकडे येतो, उलटा कधीच जात नाही.

ट्रायच्या पत्राचंच घ्या, कारण दादाचा विश्वास बसला तो या पत्रावर. अशोकस्तंभ, ट्रायचं बोधचिन्ह, गोल शिक्का, सही, जावक क्रमांक, आणि मधोमध आमचा गट नंबर आणि क्षेत्र, अगदी गुंठ्यापर्यंत बरोबर. दादा मला पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, की आपला गट नंबर त्यांना दिल्लीत कसा कळला असता? अहो, सातबारा त्यानेच पाठवला होता. आणि नसता पाठवला तरी महाभूलेखच्या साइटवर गट नंबर टाकला की कुणाचाही सातबारा कुणालाही दिसतो. बरोबर गट नंबर असलेलं पत्र कुठल्याच गोष्टीचा पुरावा नाही. त्याच पत्राच्या मथळ्यात मात्र ‘टेलिकॉम रेग्युलेटरी’च्या जागी ‘टेलिफोन रेग्युलेटरी’ असं छापलं होतं. ट्राय ही १९९७ साली कायद्याने स्थापन झालेली नियामक संस्था आहे. टॉवर बसवण्यासाठी आपण कुणालाही ना हरकत प्रमाणपत्र देत नाही, भाड्याशी किंवा त्यावरच्या कुठल्याही रकमेशी आपला संबंध नाही, हे तिने जाहीर सूचना काढून लोकांना वारंवार कळवलं आहे. दूरसंचार विभागानेही असाच इशारा दिला आहे. म्हणजे ‘ट्रायची टॉवर एनओसी’ हा कागदच अस्तित्वात नाही. तो कुणी दाखवला तर शिक्का तपासत बसायची गरज नाही, तिथेच फोन ठेवायचा.

साकफा खरी आहे. टॉवरच्या उंचीमुळे विमानांना किंवा इतरांच्या बिनतारी यंत्रणांना अडथळा होऊ नये म्हणून जागेला दिली जाणारी ती केंद्राची मंजुरी आहे. पण तिचा अर्ज मोबाइल सेवा देणारी कंपनी दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर करते. शेतकऱ्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. रेडिएशनचंही तसंच. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात ही मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश इतकी कडक आहे, आणि टॉवर त्या मर्यादेत असल्याचं स्वप्रमाणपत्र कंपनीने द्यायचं असतं. उभ्या असलेल्या टॉवरबद्दल कुणाला शंका असेल तर तरंग संचार पोर्टलवर ४,००० रुपये शुल्क भरून मोजणी मागवता येते. जो टॉवर अजून उभाच नाही, त्याच्या रेडिएशनची तपासणी कोण आणि कशाची करणार?

विमा आणि ट्रकचं भाडं यांवर बोलण्यासारखं काहीच नाही. ती निव्वळ बनवाबनवी.

जीएसटीचा डाव मात्र नीट समजून घ्या, कारण इथे चांगले शिकलेले लोकही अडकतात. व्यापारी कामासाठी दिलेल्या जागेच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी असतो, हे खरं आहे. पण १० ऑक्टोबर २०२४ पासून नियम असा आहे की जागामालकाची जीएसटी नोंदणी नसेल आणि भाडेकरूची असेल, तर तो कर भाडेकरूनेच थेट सरकारला भरायचा. आमच्यासारख्या शेतकऱ्याची कुठली आली नोंदणी? म्हणजे खराखुरा करार झाला असता तरी हा पैसा कंपनीनेच भरला असता. प्राप्तिकराचा टीडीएसही असाच. तो देणारा माणूस देण्याच्या रकमेतून कापतो, घेणाऱ्याकडून आधी मागून घेत नाही. आणि सरकारी शुल्क कुठलंही असो, ते चलनाने सरकारी तिजोरीत जातं. दादाने भरलेले सगळे पैसे यूपीआयने व्यक्तींच्या नावावरच्या खात्यांत गेले होते, आणि दर वेळी नाव वेगळं. त्याने विचारलं तेव्हा ‘हे आमच्या कॅशियरचं खातं आहे’ असं उत्तर मिळालं होतं.

करारनामा पीडीएफमध्ये आला होता, आणि तोही दुसऱ्याच राज्याच्या शंभर रुपयांच्या मुद्रांकावर. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभर-दोनशेच्या जागी किमान पाचशेचा मुद्रांक लागतो, आणि दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याचं मुद्रांक शुल्क तर भाड्याच्या रकमेवरून ठरतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच असावा लागतो. १५ वर्षांचा खरा करार असेल तर तो दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवला जाईल, कंपनीचा अधिकृत माणूस तिथे हजर असेल, फोटो आणि अंगठे होतील. व्हॉट्सअ‍ॅपवर तो पूर्ण होत नाही.

मग खरा टॉवर येतो तरी कसा? शेजारच्या गावात ज्यांच्या रानात टॉवर आहे त्या काकांना मी जाऊन भेटलो. ते म्हणाले, “मी कुणाला फोन केला नव्हता, त्येच आले.” आधी कंपनीची माणसं गाडी घेऊन आली, यंत्राने सिग्नल मोजला, आसपासच्या तीन-चार रानांची पाहणी केली, रस्ता आणि विजेचा खांब किती लांब आहे ते बघितलं. मग त्यातल्या दोघांशी भाड्याची बोलणी केली. घासाघीस मालकाकडून झाली, कारण गरज कंपनीला होती. काकांना भाडं काही हजारांतच मिळतं, आणि त्यांनी खिशातून एक रुपया दिलेला नाही. टॉवर कुठे हवा हे रेंज कुठे कमी पडते त्यावर ठरतं, त्यामुळे कंपनीला ठरावीक टापूतलीच जागा चालते. गट नंबर कळवल्यावर घरबसल्या ‘पास’ होणारी जागा हा प्रकारच नाही.

स्थानिक नियमांचंही सांगतो, कारण ‘ग्रामपंचायतीचं, नगरपालिकेचं आम्ही बघून घेतो, तुम्ही फक्त खर्च द्या’ हेही वाक्य त्यांच्या तोंडी असतं. शहरांत इमारतीवरच्या टॉवरसाठी विकास नियंत्रण नियमावलीत वेगळी कलमं आहेत. केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये मार्गाधिकाराचे, म्हणजे टॉवर आणि केबलसाठी जागा वापरण्याच्या हक्काचे, नियम सुधारले. तेव्हापासून खासगी इमारतीवर टॉवर बसवताना कंपनीने मालकाशी करार करायचा आणि स्थानिक प्राधिकरणाला आधी लेखी कळवायचं, सोबत इमारत तो भार पेलेल असा संरचना अभियंत्याचा दाखला जोडायचा, अशी पद्धत आली. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालचे नवे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. कुठलाही नियम काढा, अर्जदार कंपनीच असते. टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये म्हटलं होतं, पण २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार मालमत्ता करासाठी टॉवर त्या जागेचा भाग धरला जात नाही. तरीही असा कर मागितला गेलाच तर तो कोण भरणार हे खऱ्या करारात लिहून घ्यावं. पण ती वेळ करार करताना येते, कुणाच्या यूपीआयवर पैसे पाठवताना नाही. गृहनिर्माण सोसायट्यांच्या अध्यक्ष-सचिवांनाही असे फोन जातात. गच्चीचं भाडं दाखवून सोसायटीच्या खात्यातून ‘प्रोसेसिंग फी’ काढायला लावतात.

कागद बघून झाल्याबरोबर त्याच रात्री मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली. व्यवहारांचे यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराला बँकेकडून मिळणारा ओळख क्रमांक) हाताशी असले की काम लवकर होतं. आधीचे पैसे केव्हाच खात्या-खात्यांतून काढले गेले होते. शेवटच्या ८० हजारांतले काही पैसे एका खात्यात रोखले गेले आहेत, आणि ते न्यायालयाच्या आदेशाने परत मिळतील असं पोलिसांनी सांगितलं आहे. भरल्या दिवशीच तक्रार झाली असती तर कदाचित सगळे ८० हजार अडकवता आले असते. फसवणूक लक्षात आली की पहिलं काम १९३०. लाज, घरच्यांचा राग, गावातली चर्चा, सगळं त्यानंतर.

कागदपत्रंही त्यांच्याकडे गेलेली आहेत, हे विसरू नका. आम्ही दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर जाऊन दादाच्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते पाहिलं, आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, बँकेला लेखी कळवलं. आणि महिनाभराने दादाला एक फोन आलाच: ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे टॉवरचे पैसे सापडलेत, परत मिळवायला कोर्ट फी भरा.’ एकदा फसलेल्यांची यादी हे लोक पुन्हा वापरतात. या वेळी दादाने फोन ठेवला आणि लगेच मला कळवलं.

तुम्हाला असा मेसेज आला असेल आणि पैसे भरले नसतील, तरी तो नुसता पुसून टाकू नका. संचार साथीवरच्या ‘चक्षू’मध्ये गेल्या ३० दिवसांतला असा कॉल किंवा मेसेज कळवता येतो. ज्यांचे पैसे गेले आहेत त्यांनी पोलिसांकडेच जावं, आणि पत्र, पीडीएफ, खात्यांची नावं, व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण, काहीही डिलीट करू नये. आमच्या तालुक्यातल्या आणखी दोघांना याच मथळ्याचं, याच चुकीच्या छपाईचं पत्र आल्याचं मला कळलं आहे. त्यांनी अजून तक्रार दिलेली नाही. हे वाचत असाल तर कृपया द्या. एकाच खात्याविरुद्ध चार तक्रारी असतील तर तपासाला जोर येतो.