हाडांतली ‘गॅप’ दाखवून उंची विकणारे

पोलीस शिपाई भरतीत मुलांना किमान १६५ सेंटिमीटर उंची लागते. माझ्या भाच्याची १६३ भरते. धावणं, गोळाफेक, लेखीचा अभ्यास, सगळ्यात तो पुढे होता. अडलं ते फक्त या दोन सेंटिमीटरवर. भरतीपूर्व अकॅडमीत अशी पुष्कळ मुलं भेटतात, आणि ‘एक्स-रे काढून खात्रीशीर उंचीवाढ’ अशा जाहिराती नेमक्या त्यांच्याच मोबाइलवर येतात. आमच्या घरचे ४२ हजार रुपये अशाच एका केंद्रात गेले. सोयाबीनची पट्टी आली तेव्हा दाजींनी ते बाजूला काढून दिले होते. केंद्राचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण त्यांची पद्धत कळली, तर पाटी बदलली तरी ही माणसं ओळखता येतील.

ते आधी एक्स-रे काढायला लावतात. आमच्या घरच्यांचा विश्वास बसला तो यामुळेच. नुसती पावडर विकणारा एक्स-रे कशाला मागेल? गुडघ्याची फिल्म उजेडापुढे धरून तिथल्या माणसाने मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाजवळची एक बारीक आडवी रेघ दाखवली. “ही गॅप बघा साहेब, अजून उघडी आहे. सहा महिन्यांचा कोर्स केला की चार सेंटिमीटर कुठे जात नाहीत.”

ती रेघ पांढरी होती, आणि सगळी लबाडी त्या रंगात होती.

वाढत्या मुलाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा पातळ थर असतो. डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड लांबीला वाढतं ते या थरामुळे. कूर्चेतून क्ष-किरण सहज आरपार जातात, म्हणून फिल्मवर तिथे काळा पट्टा दिसतो. वयात आल्यावर हा थर हळूहळू संपतो, हाडाचं टोक मधल्या दांड्याला जुळतं आणि काळा पट्टा नाहीसा होतो. जुळलेल्या जागी मात्र बारीक पांढरी रेघ पुढे अनेक वर्षं राहू शकते, जखम भरल्यावर व्रण राहतो तशी. म्हणजे वाढ संपल्याची जी खूण होती, तीच त्या माणसाने वाढ बाकी असल्याचा पुरावा म्हणून दाखवली. पोरगा १९ वर्षांचा. या वयाला बहुतेक मुलांची हाडं जुळलेली असतात.

पहिला महिना संपल्यावर उंची मोजली तर ती खरंच एक सेंटिमीटर जास्त भरली. घरात पेढे वाटले गेले. नंतर लक्षात आलं की पहिली मोजणी संध्याकाळी झाली होती आणि दुसरीला त्यांनी मुद्दाम सकाळी लवकर बोलावलं होतं. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या भाराने दबतात आणि रात्री झोपेत पुन्हा फुगतात, त्यामुळे कोणाचीही उंची सकाळी सेंटिमीटरभर जास्त भरते. त्या पावडरीचा यात काही संबंध नव्हता. डब्यावर घटक नव्हते, परवाना क्रमांक नव्हता, कोणी बनवली तेही नव्हतं.

पुढच्या खेपेला मोबाइलवर ‘नवा एक्स-रे’ दाखवला. त्यात ठळक काळा पट्टा होता, पण कोपऱ्यात नाव नव्हतं, तारीख नव्हती. “औषधाने गॅप मोकळी झाली,” असं सांगून त्यांनी ग्रोथ हार्मोनच्या इंजेक्शनांसाठी आणखी ६० हजार मागितले. इंजेक्शनचं नाव निघताच ताई उठली आणि पोराला घेऊन थेट हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी डाव्या हाताचा, मनगटासह, एक्स-रे काढला. हाडांचं वय बघायला जगभर हाच हात वापरतात. एका हातात इतकी छोटी हाडं आणि त्यांची टोकं असतात की कुठलं जुळलं, कुठलं राहिलं, यावरून वाढीचा टप्पा कळतो. बोटांच्या टोकांची हाडं आधी जुळतात, मनगटाजवळचं रेडियस, म्हणजे कोपरापासून अंगठ्याच्या बाजूने मनगटापर्यंत येणारं हाड, सर्वांत शेवटी. ग्रुलिक आणि पाइल यांचा १९५० सालचा चित्रसंग्रह अजूनही तुलनेला घेतात. तो अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या मुलांवरून केलेला आहे, म्हणून आपल्या मुलांच्या बाबतीत डॉक्टर तो जरा सांभाळून वाचतात. हाडाचं वय आणि खरं वय यांत वर्षभराचा फरक तर सहज पडतो. तेव्हा ‘अमुक सेंटिमीटर नक्की’ असं एक्स-रे बघून कोणी सांगत असेल, तर तो खोटं बोलतो आहे.

भाच्याचं रेडियस पूर्ण जुळलेलं होतं. जुळलेली ग्रोथ प्लेट कुठल्याही औषधाने पुन्हा उघडत नाही. मोबाइलवरचा तो फोटो दुसऱ्याच, लहान मुलाच्या गुडघ्याचा होता. प्लेट बंद झाल्यावर ग्रोथ हार्मोन टोचत राहिलं तर उंची वाढत नाही. जबडा, हात, पाय जाड होऊ लागतात, साखर वाढते. आमच्या पोराला ते इंजेक्शन मिळालं नाही, एवढं नशीब.

मला सर्वांत जास्त राग येतो तो मात्र वेगळ्या गोष्टीचा. त्या केंद्राच्या बाकावर बारा-तेरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर बसलेली असायची. तिच्या प्लेट बहुधा उघड्या असतील. थायरॉइड कमी असेल, ग्रोथ हार्मोन कमी असेल, गव्हाचं पचत नसेल, तर या वयात खरा उपचार आहे. पाळी सुरू झाल्यावर मुलींची हाडं लवकर जुळू लागतात आणि तो काळ परत मिळत नाही. शिवाय अशा पावडरीत चोरून पुरुषी हार्मोनच्या जातीचं स्टेरॉइड असलं, तर वाढ उलट लवकर थांबू शकते, कारण शरीर त्याच्यापासून इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन बनवू शकतं आणि प्लेट बंद करण्याचं काम मुलग्यांतही इस्ट्रोजेनच करतं. १९९४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २८ वर्षांच्या एका माणसाची नोंद प्रसिद्ध केली. त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती आणि प्लेट तेव्हाही उघड्या होत्या. आमच्या पैशांचं काय व्हायचं ते होवो, पण त्या मुलीच्या आईला हे कोणीतरी सांगायला हवं होतं. तारुण्याआधी मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. त्यापेक्षा स्पष्टपणे कमी वाढत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा, उंचीच्या आलेखावर नोंद करून घ्या, आणि एक्स-रे वाचायला औषध न विकणाऱ्या माणसाकडेच द्या.

उंची वाढवून देतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या जाहिरातींविषयीच्या कायद्याने गुन्हा आहे. त्याच्या परिशिष्टात उंचीचा स्पष्ट उल्लेख आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करता येते, आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर सल्ला मिळतो. आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला आहे. सोबत जाहिरातीचे स्क्रीनशॉट, यूपीआयच्या पावत्या आणि रिकामा डबा जोडला आहे. तक्रारीची कुणकुण लागताच केंद्राने फोन करून गुडघ्याची ती पहिली फिल्म परत मागितली, “आमच्या रेकॉर्डला लागते” म्हणून. ताईने दिली नाही. तीही आता अर्जाला जोडली आहे.