फोटोशॉप की क्रिता: शॉर्टकट आपल्या हाताप्रमाणे लावायचे तर?

उजव्या हातात पेन आणि डावा हात कीबोर्डवर, असं काम करणाऱ्यांसाठी फोटोशॉप आणि क्रिता (चित्रं रंगवायचं मोफत सॉफ्टवेअर) यांची ही तुलना. लेअर, मास्क, ब्रश दोन्हीकडे आहेत, ते सोडून देऊ.

फोटोशॉपचे आकडे मला अजूनही सगळ्यात सोयीचे वाटतात. ब्रश घेतलेला असताना ५ दाबलं की ओपॅसिटी, म्हणजे रंगाचा अपारदर्शकपणा, ५० टक्के, २ आणि ५ लागोपाठ दाबले की २५, ० म्हणजे पूर्ण १००. क्रितात आय आणि ओ दाबत पायरीपायरीने खाली-वर जावं लागतं, कारण तिथे १ ते ६ हे आकडे झूम आणि कॅनव्हास फिरवण्यासाठी ठेवलेत.

अडतं ते मेनूतल्या कमांडपाशी. चित्र आरशातल्यासारखं उलटं करून पाहणं ही चुका पकडायची जुनी युक्ती. ती तासात पंचवीसदा लागते, म्हणून तिला क्यू द्यावा असं वाटतं. फोटोशॉपात कंट्रोल+ऑल्ट+शिफ्ट+के दाबून यादी उघडा, व्ह्यू मेनूतल्या फ्लिप हॉरिझॉन्टलसमोर नुसता क्यू टाकून पाहा. तो घेतला जात नाही: मेनू कमांडच्या शॉर्टकटमध्ये कंट्रोल किंवा एफ१, एफ२ अशा एफच्या बटणांपैकी एखादं असावंच लागतं. सुटी अक्षरं टूल्ससाठी राखीव. कधीच न वापरलेल्या टूलचं अक्षर मोकळं केलंत, तरी ते मेनूच्या कामी येत नाही. एका बोटानं दाबता येतील अशी उरतात एफची बटणं, आणि ती सगळ्यात वरच्या ओळीत. बऱ्याच लॅपटॉपवर तर सोबत एफएनही धरावं लागतं. दर वेळी नजर चित्रावरून हलते. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

क्रितात सेटिंग्ज, कॉन्फिगर क्रिता, कीबोर्ड शॉर्टकट्स असं जा आणि वरच्या चौकटीत मिरर शोधा. मूळ शॉर्टकट एम आहे, पण तो डाव्या हातापासून लांब. प्रत्येक कमांडला दोन शॉर्टकट देता येतात, तेव्हा एम राहू द्या आणि पर्यायी जागी क्यू लावा. क्यू मुळात मल्टीब्रश या टूलकडे असल्याने तो काढून घ्यायचा का, असं विचारलं जाईल. हो म्हणा.

क्रिताच्याही खोड्या आहेत. ई दाबल्यावर खोडरबर हे वेगळं टूल येत नाही, आहे तोच ब्रश खोडू लागतो आणि पुन्हा ई दाबेपर्यंत खोडतच राहतो. ‘रेघ उमटत नाही’ ही नवख्यांची तक्रार बहुतेकदा याच ई मुळे असते. दुसरं म्हणजे, एकच बटण दोन कमांडना गेलं तर संदिग्धतेची सूचना येते आणि दोन्हीपैकी एकही चालत नाही. शॉर्टकटची फाइल बाहेरून आणल्यावर हे हमखास तपासा. आणि पॅन (कॅनव्हास सरकवणं), झूम, फिरवणं यांची बटणं या यादीत शोधू नका, ती कॅनव्हास इनपुट सेटिंग्जमध्ये आहेत.

छपाईची कामं, फोटो सुधारणं आणि फोटोशॉपवरच चालणारी टीम असेल, तर निव्वळ शॉर्टकटसाठी घर बदलू नये. दिवसाचा बराच वेळ रंगवण्यात जात असेल, तर मी क्रिताकडे झुकेन. बोटांना फोटोशॉपची सवय असेल, तर त्याच यादीत फोटोशॉपशी जुळणारी तयार स्कीम आहे. आधी ती निवडा, क्यूचा बदल त्यानंतर करा.